कारकुनाची परीक्षा

नोकरी लागली की पुस्तकं मिटायची, असा आपल्याकडचा जुना रिवाज. बँकेतल्या माणसाला मात्र ही मुभा फारशी मिळाली नाही. नोकरीत राहून बँकिंगच्या परीक्षा देण्याची प्रथा मूळची ब्रिटनमधली. स्कॉटलंडच्या बँकवाल्यांनी १८७५ मध्ये आणि लंडनच्या बँकवाल्यांनी १८७९ मध्ये आपापल्या संस्था काढल्या. दिवसा लेजर लिहिणाऱ्या पोरांनी रात्री हिशेब, कायदा आणि अर्थशास्त्र वाचावं, परीक्षा द्यावी आणि वर चढावं, अशी ती योजना.

मुंबईत या परीक्षेचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे सोराबजी पोचखानावाला. १८८१ चा जन्म. चार्टर्ड बँकेत ते साधे कारकून होते. नोकरी सांभाळून त्यांनी लंडनच्या संस्थेची परीक्षा दिली आणि ते प्रमाणपत्र मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांत त्यांचं नाव लागलं. पुढे ते बँक ऑफ इंडियात गेले. पण त्या काळी मोठ्या बँकांमधल्या वरच्या खुर्च्या गोऱ्या साहेबांसाठी राखलेल्या असत. हातात साहेबाच्याच देशाचं प्रमाणपत्र, तरी आपल्या माणसाचा जिना मधल्याच मजल्यावर संपायचा. शिकल्यामुळे ही गोष्ट सोराबजींना अधिकच टोचली असावी, असं मला वाटतं. डिसेंबर १९११ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांनी सेंट्रल बँक ऑफ इंडिया उभी केली. मालकी भारतीयांची आणि कारभारही भारतीयांचाच. पहिले अध्यक्ष होते फिरोजशहा मेहता.

दोनच वर्षांनी देशी बँका बुडण्याची लाट आली. मुंबईतली इंडियन स्पेसी बँकही त्यात गेली. बँक चालवायला नुसता स्वदेशीचा उत्साह पुरत नाही, हे तेव्हा ठेवीदारांच्या पैशांनी आपण शिकलो. १९२८ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स स्थापन झाली आणि परीक्षा आपल्या देशात आली. तीच ती ‘सीएआयआयबी’.

तिला खरा बहर आला तो १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर. तेव्हा देशात बँकांच्या शाखा आठ हजारांच्या आसपास होत्या. दहा वर्षांत त्या तिपटीहून अधिक झाल्या. एवढ्या शाखांना अधिकारी आणायचे कुठून? कारकुनांतूनच.

त्याच भरतीत मीही बँकेत लागलो. लोकलमध्ये टॅननचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेतलेली माणसं तेव्हा हमखास दिसत. पुस्तक सहसा स्वतःचं नसे; पास झालेला ते पुढच्याला देई, समासातल्या पेन्सिलीच्या खुणांसकट. आमच्या शाखेतल्या एक बाई जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये बसून वाचत, कारण घरी गेल्यावर आधी कुकर लावायचा असे.

पहिला भाग सुटला की एक वेतनवाढ, दुसरा सुटला की दोन. म्हणून काही जण तिला ‘इन्क्रिमेंटची परीक्षा’ म्हणून नाक मुरडत. मला ते कधी पटलं नाही. मूळ पगारात पडलेली ती भर महागाई भत्त्यात आणि फंडातही उतरे. दोन खोल्यांच्या संसारात ती जाणवायची. शिवाय चेकवर दोन तिरप्या रेघा का मारतात, चुकीच्या खात्यात पैसे गेले तर बँक कायद्याने कुठे अडकते, हे काउंटरवर पाच वर्षं बसूनही आपोआप कळत नाही.

अडचण वेगळीच होती. अधिकारी झालं की बदली आली. कधी मराठवाडा, कधी थेट बिहार. त्यामुळे परीक्षा द्यायची, वेतनवाढी घ्यायच्या आणि बढती नाकारायची, अशीही एक जमात तयार झाली. गिरगावात राहणारे आमचे एक सहकारी दोन्ही भाग पहिल्याच फटक्यात पास झाले होते. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांनी तीनदा बढती नाकारली आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. कर्जाच्या कागदपत्रात काही अडलं, की मॅनेजर आपली केबिन सोडून त्यांच्या टेबलाशी जात.