अडसर तारेत की यंत्रात?

ठाण्यात घोडबंदर रोडच्या कडेने माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत गृहसंकुलं उभी राहत गेली, त्याच वर्षांत मध्यमवर्गीय घरांत कॉम्प्युटर शिरला. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं होतं. घरातलं यंत्र बहुधा लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेलं असायचं. त्यामुळे ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की रॅमची आणखी एक पट्टी टाका, प्रोसेसर बदला, हा सल्ला ठरलेला. तो सल्ला तेव्हा बहुतेक वेळा चुकीचा होता आणि आज पुष्कळदा बरोबर आहे. सल्ला तोच राहिला. अडसराची जागा मात्र हलली.

आधी तेव्हाचा हिशेब पाहू. ५६ केबीपीएसचा मोडेम टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला फार तर सात किलोबाइट आणायचा, प्रत्यक्षात चार-पाच. म्हणजे शंभर किलोबाइटचं पान उतरायला वीसेक सेकंद. उतरलेलं पान पडद्यावर मांडण्याचं काम त्या मानाने अगदी थोडं. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला तरी वाचायचा तो या थोड्यातला अर्धा वेळ. वीस सेकंद होते तिथेच राहायचे. तरीही १९९९ साली पेंटियम थ्री आणताना इंटेलने त्याच्या नव्या सूचनासंचाच्या नावातच ‘इंटरनेट’ घातलं. त्या सूचनांचा उपयोग ध्वनी, व्हिडिओ आणि त्रिमितीय चित्रांना होता. तारेतून पान येण्याचा वेग त्यांनी वाढणं शक्यच नव्हतं. ग्राहकाची ही दिशाभूल होती, असंच म्हणायला हवं.

यावर कुणी म्हणेल, नवा कॉम्प्युटर घेतल्यावर फरक जाणवायचा तो खोटा का? खोटा नव्हे, पण त्याचं श्रेय प्रोसेसरला देता येत नाही. नव्या यंत्राबरोबर अनेकदा ३३.६ऐवजी ५६चा मोडेम यायचा, विंडोज कोरी असायची, व्हायरस नसायचे. रॅमचं प्रकरण थोडं वेगळं. ती फारच अपुरी असेल तर यंत्र सारखं हार्ड डिस्ककडे धाव घेतं आणि सगळंच रखडतं. तिथे नवी पट्टी खरोखर उपयोगी पडायची, पण गरज भागेपर्यंतच. त्यापुढची पट्टी म्हणजे वाया गेलेला पैसा.

२००४च्या धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड ठरवलं. २००५मध्ये ठाण्यात एमटीएनएलचं ट्रायबँड आलं, पुढे डोंबिवली-कल्याणला बीएसएनएल. तांब्याच्या तारेवरचा हा वेग एक्स्चेंजपासूनच्या अंतराबरोबर घटतो, त्यामुळे लांबलचक रस्त्याच्या कडेने वाढणाऱ्या वस्तीत घर कुठे आहे याला महत्त्व आलं. काही इमारतींत केबलवाल्याने गच्चीगच्चीवरून ओढलेली वायर आली आणि एकच जोडणी अनेक घरांत वाटली गेली. मग फायबर आलं, आणि घोडबंदर रोडवरच्या उड्डाणपुलांनी केलं तेच झालं: एका नाक्यावरची कोंडी सुटली आणि पुढच्या नाक्यावर जाऊन बसली. कारण पानंही बदलली होती. आजचं पान हा नुसता मजकूर नसतो. जावास्क्रिप्टचा मोठा कार्यक्रम त्याबरोबर येतो आणि तो आपल्याच यंत्राला चालवावा लागतो. गूगलच्या माइक बेल्शी यांनी २०१०मध्येच मोजून दाखवलं की साधारण ५ एमबीपीएसनंतर जोडणी रुंदावून पान उघडण्याचा वेळ फारसा घटत नाही; संदेशाच्या जाण्यायेण्यातला विलंब कमी झाला तर मात्र घटतो.

म्हणून १०० एमबीपीएसचं फायबर घेऊनही चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप अडखळतो, तेव्हा दोष तारेचा नसतो. आठ जीबी रॅम आणि एसएसडी टाकली की दहा-पंधरा टॅब उघडे असतानाचा फरक डोळ्यांना दिसतो. पण तिसरीही एक जागा आहे. टॉवरच्या विसाव्या मजल्यावर वायफायची यादी उघडली तर शेजाऱ्यांची डझनावारी नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच. त्यात मध्ये काँक्रीटच्या भिंती. तिथे प्रोसेसर बदलून काहीही होत नाही. लॅपटॉप काही मिनिटं राउटरला वायरने जोडावा. तेच पान झटकन उघडलं तर पैसे राउटरवर घालावेत, तरीही रखडलं तर टास्क मॅनेजर उघडून मेमरी आणि डिस्कचे आकडे वाचावेत. ते शंभर टक्क्यांना टेकलेले असतील, तरच लॅमिंग्टन रोडची वाट धरावी.