तंत्रपरिषद आणि गावचे प्रायोजक : टेंभुर्णी परिसराच्या निमित्ताने

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णी (ता. माढा) हे गाव बहुतेक प्रवाशांना चहापाण्याचा थांबा म्हणूनच ठाऊक असते. येथून एक रस्ता अकलूजकडे, एक करमाळ्याकडे, एक पंढरपूरकडे, तर एक कुर्डुवाडी-बार्शीमार्गे लातूरकडे जातो. भीमा नदीवरील उजनी धरण जवळच आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाने दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माढा, करमाळा, पंढरपूर या तालुक्यांत ऊस आणला. उसामागून कारखाने आले. कारखान्यांमागून ट्रॅक्टरचे वितरक, ठिबकचे विक्रेते, यंत्रदुरुस्तीच्या कार्यशाळा, पतसंस्था आणि औद्योगिक वसाहत आली. अशा गावाच्या पंचक्रोशीत तंत्रज्ञानविषयक परिषद भरवावयाची झाल्यास तिचा खर्च कोण उचलतो, तो कोणत्या अपेक्षेने उचलतो आणि त्या मोबदल्यात श्रोत्यांच्या पदरात काय पडते, याचा हा आढावा.

वर्गणीची जुनी रीत

प्रायोजक हा शब्द नवा असला तरी त्यामागील व्यवहार नवा नाही. जत्रेतील कुस्त्यांचे इनाम, हरिनाम सप्ताहाची पंगत, साहित्य संमेलनाचा मांडव ही सारी कामे गावच्या व्यापाऱ्यांच्या व बागायतदारांच्या वर्गणीवर उभी राहिली. सोलापुरात २००६ साली ७९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अशा संमेलनांतून रुळलेली स्वागत समितीची पद्धत तंत्रपरिषदांनीही उचलली. फरक आहे तो अपेक्षेचा. पंगत घालणाऱ्यास पुण्य आणि नाव हवे असते. परिषदेस पैसे देणाऱ्यास नावाबरोबर ग्राहकही हवा असतो.

साखरेच्या परिषदांची परंपरा

या भागातील तंत्रपरिषदेचा विचार साखर उद्योगाला वगळून करता येत नाही. उसाच्या तंत्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना १९२४ मध्ये होनोलुलू येथे स्थापन झाली. पुढील वर्षी, १९२५ मध्ये, भारतीय साखर तंत्रज्ञांची संघटना अस्तित्वात आली आणि १९३६ मध्ये पुण्यात ‘डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन’ स्थापन झाली. याच सुमारास टेंभुर्णीच्या आसपास खासगी साखर कारखानदारी आकार घेत होती. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर, माळशिरस तालुक्यातील माळीनगर व श्रीपूर येथील कारखाने १९३०च्या दशकातील आहेत. माळीनगरचा ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’ हा कारखाना तर शेतकऱ्यांनीच भांडवल उभारून काढलेला होय. प्रवरानगरच्या सहकारी प्रयोगाआधीचे हे उदाहरण आहे.

सहकारी कारखाने वाढल्यावर संशोधनासाठी स्वतःची संस्था हवी, या जाणिवेतून १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरी बुद्रुक येथे आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट स्थापन झाली. या संस्थेने नोव्हेंबर २०१६, जानेवारी-फेब्रुवारी २०२० आणि जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदा व प्रदर्शने भरविली. संघटनेचे अधिवेशन असो वा संस्थेची परिषद, तिची घडण साधारण एकच असते. सभागृहात निबंधवाचन, बाहेर यंत्रोत्पादकांची दालने आणि हाती जाहिरातींनी भरलेली स्मरणिका. टर्बाइन, बॉयलर, गाळणयंत्रे, रसायने, आसवनी यांचे उत्पादक हेच प्रमुख प्रायोजक असतात, कारण त्यांचा ग्राहक, म्हणजे कारखान्याचा मुख्य अभियंता व मुख्य रसायनतज्ज्ञ, समोरच्या खुर्चीत बसलेला असतो.

स्थानिक उद्योगाचा वाटा

तालुक्याच्या पातळीवर हे गणित बदलते. येथे श्रोता हा अभियंता नसून ऊस, केळी वा डाळिंब पिकविणारा शेतकरी, कारखान्याचा शेतकी अधिकारी आणि अभियांत्रिकी वा कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी असतो. त्यामुळे प्रायोजकही बदलतात. त्यांचे ढोबळमानाने चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग कारखान्यांचा. माढा तालुक्यातच पिंपळनेर येथे विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना आहे आणि सोलापूर हा राज्यातील सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. दुसरा वर्ग विक्रेत्यांचा : ट्रॅक्टर, ठिबक संच, खते, बियाणे, पंप. तिसरा वर्ग बँका व पतसंस्थांचा. त्यांना ठेवीदार आणि कर्जदार दोन्ही हवे असतात. चौथा वर्ग सेवा देणाऱ्यांचा. मंगल कार्यालयाचा मालक सभागृह देतो, उपाहारगृहचालक भोजनाचा भार घेतो, छापखाना निमंत्रणपत्रिका काढतो, मंडपवाला खुर्च्यांचे भाडे माफ करतो. रोख रकमेच्या हिशेबात या वस्तुरूप मदतीची नोंद बहुधा राहून जाते. प्रत्यक्षात लहान गावातील परिषद तिच्यावरच उभी असते.

तारीख ठरवितानाही स्थानिक पंचांग पाहावे लागते. लग्नाच्या दाट तिथींना मंगल कार्यालय मिळत नाही. गाळप हंगामात कारखान्याचे अधिकारी मोकळे नसतात आणि महामार्ग उसाच्या वाहनांनी व्यापलेला असतो. आडसाली लागणीच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये, शेतकरी शेत सोडून येत नाही. खरीप उरकल्यानंतर आणि गाळप सुरू होण्यापूर्वी मिळणारा अवधी फार थोडा असतो.

देणगी की जाहिरात?

कायद्याच्या दृष्टीने देणगी आणि प्रायोजकत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. दात्याचे नाव केवळ कृतज्ञतेपोटी लावले, त्याच्या व्यवसायाची जाहिरात केली नाही आणि मोबदल्याची अट नसली, तर अशा देणगीवर वस्तू व सेवा कर लागत नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर २०१९ मधील परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. फलकावर बोधचिन्ह, दालनासाठी जागा, व्यासपीठावरून उल्लेख असे काही कबूल केले की ती करपात्र सेवा ठरते. प्रायोजकत्वावर सेवाकर २००६ पासून होता; त्याची जागा जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराने घेतली. दर १८ टक्के आहे. प्रायोजक ही कंपनी किंवा भागीदारी संस्था असल्यास कर भरण्याची जबाबदारी तिच्यावर येते. मात्र आयोजकच निगमित संस्था असल्यास १६ जानेवारी २०२५ पासून तिनेच तो आकारून भरावयाचा आहे.

सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून परिषद भरवावी, अशी सूचनाही अनेकदा पुढे येते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालील ही सक्ती ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांनाच लागू होते. शिवाय जाहिरातीचा लाभ मिळविण्यासाठी दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही. गावातील दुकानदार त्या मर्यादेच्या जवळपासही नसतो आणि सहकारी कारखाना तर कंपनीच नव्हे.

सहकारी कारखान्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्याचा पैसा सभासदांचा असतो व वार्षिक सर्वसाधारण सभेत त्याचा जाब विचारता येतो. ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दर द्यावा, विलंब झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये ठरविण्यात आला. ज्या शेतकऱ्याचे बिल थकले आहे, त्याला कारखान्याचे नाव परिषदेच्या कमानीवर दिसले तर त्याच्या मनात काय येत असेल, याचा विचार संचालक मंडळाने आधी करावा हे उत्तम.

व्यासपीठ कोणाचे?

प्रायोजकत्वाचा खरा कस लागतो तो वक्ता ठरविताना. ठिबक संचाच्या विक्रेत्याने परिषदेस पैसे द्यावेत, यात गैर काही नाही. ठिबकाने पाणी वाचते हेही खरे. परंतु कोणत्या जमिनीत कोणता संच, पाण्यात क्षार असल्यास तोट्या किती दिवसांत तुंबतात, मोकाट पाण्याने खारावलेल्या जमिनीला आधी निचरा हवा की ठिबक, ही उत्तरे विक्रेत्याने न देता स्वतंत्र तज्ज्ञाने द्यावयास हवीत. श्रोता त्या उत्तरावर कर्ज काढणार असतो. चुकीच्या सल्ल्याची किंमत परिषद संपल्यावर आणि फलक उतरल्यावर त्याच्याच सातबाऱ्यावर चढते.

या परिसरात स्वतंत्र तज्ज्ञांची वाण नाही. पाडेगाव येथे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आहे. महाराष्ट्रात सर्वदूर पसरलेला को ८६०३२ हा वाण कोइमतूरच्या संस्थेने पैदा केला असला, तरी येथे तो ‘नीरा’ या नावाने रुजला. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र कार्यरत आहे. करमाळा तालुक्यातील कंदर परिसरातून केळी परदेशी जातात. तेथील अनुभवी बागायतदार हाही एक तज्ज्ञच होय.

खर्च वाटून घेण्याचा एक निराळा नमुना बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊस शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केल्यानंतर पुढे आला. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत हेक्टरी २५,००० रुपये खर्चापैकी ९,००० रुपये शेतकऱ्याने, ६,७५० रुपये कारखान्याने आणि ९,२५० रुपये वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने द्यावयाचे ठरले. येथे शेतकरी हा केवळ श्रोता राहत नाही. पैसे भरणारा भागीदार म्हणून त्याला निष्कर्ष विचारण्याचा अधिकार मिळतो. परिषदेतही अल्प का होईना, प्रवेशशुल्क ठेवण्यामागे हाच विचार असतो. फुकट बोलावलेल्याला प्रश्न विचारताना संकोच वाटतो.

आयोजकांनी पाळावयाची पथ्ये

प्रायोजकाशी लेखी करार करावा व त्यात फलक, दालन, स्मरणिकेतील पान आणि रकमेचे हप्ते यांचा स्पष्ट उल्लेख असावा. वक्त्यांची व विषयांची निवड समितीकडे राहील, असे एक कलम त्यात असलेच पाहिजे. एकाच प्रायोजकाकडून निम्म्याहून अधिक खर्च घेऊ नये. तो ऐनवेळी मागे फिरल्यास परिषद बुडते आणि न फिरल्यास परिषद त्याची होते. प्रायोजक-कंपनीचा प्रतिनिधी बोलणार असल्यास तसे कार्यक्रमपत्रिकेत छापावे. वस्तुरूप मदतीचीही किंमत लावून जमाखर्चात नोंद घ्यावी आणि परिषद संपल्यावर महिन्याभरात हिशेब जाहीर करावा. शेवटच्या सत्राचा निदान एक तास शेतकऱ्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा व सत्कारांनी त्यावर अतिक्रमण करू नये.

मोठ्या शहरातील परिषद संपली की प्रायोजक आणि श्रोता यांची पुन्हा भेट होईलच असे नाही. टेंभुर्णीसारख्या गावात मात्र दोघे दुसऱ्याच दिवशी बाजारात समोरासमोर येतात. व्यासपीठावर दिलेला शब्द येथे दुकानाच्या पायरीवर तपासला जातो. स्थानिक प्रायोजकाची रक्कम लहान असते, पण त्याची पत पणाला लागलेली असते, आणि अशा परिषदेचे खरे भांडवल तेच होय.