कुटुंबखर्च व आर्थिक चढउतार : नागपूर

उत्पन्न किंवा किंमती बदलल्या, म्हणजे कुटुंबे आपल्या खर्चात फेरबदल करतात. पण तो सर्व बाबींत सारखा नसतो. उत्पन्न जितके कमी, तितका त्यातील अन्नखर्चाचा हिस्सा मोठा, असे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये दाखविले. धान्य, सरपण व घरभाडे यांवरील खर्च फारसा टाळता येत नाही. कापड, भांडी, दागिने यांवरील खर्च लांबणीवर टाकता येतो. नागपूरच्या इतिहासात या भेदाला विशेष महत्त्व आहे. कारण अडचणीच्या काळात कुटुंबे ज्या वस्तूची खरेदी लवकर आवरतात, त्या कापडावरच या शहरातील असंख्य कुटुंबांचा निर्वाह दीर्घकाळ अवलंबून होता.

नागपूर हे कोष्टी विणकरांचे जुने केंद्र. १८६७ मध्ये येथे लोहमार्ग पोहोचला आणि जमशेटजी टाटा यांनी स्थापिलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. १८९६–९७ व १८९९–१९०० या वर्षांच्या दुष्काळांत धान्य महागले. ग्रामीण कुटुंबांनी जुनी वस्त्रे पुरवून वापरली, की विणकराचा माल पडून राही. म्हणजे धान्य महाग असतानाच त्याची मिळकत आटे. खडी फोडण्यासारख्या कामाने विणकराच्या हातातील कसब बिघडते, हे ओळखून त्याला त्याच्याच धंद्यात काम देण्याची तरतूद दुष्काळ-संहितांत करण्यात आली होती.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत किंमती उतरल्या. कापसाचा भाव कोसळला. पण शेतकऱ्याचा सारा व कर्जाचे हप्ते ठरलेल्या रकमेतच राहिले, त्यामुळे त्याची खरेदी घटली. नागपूर ही तेव्हा मध्य प्रांताची राजधानी असल्याने येथे पगारदारांचा वर्ग मोठा होता. पगार टिकलेल्या कुटुंबांना स्वस्ताईचा लाभच झाला. गिरणी कामगाराला धान्य स्वस्त मिळाले, तरी वेतनकपातीने त्या लाभाचा मोठा भाग हिरावला. दुसऱ्या महायुद्धात स्थिती उलटली : गिरण्यांना भरपूर काम मिळाले, परंतु महागाई व टंचाई वाढली आणि १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आले.

महागाई भत्त्याच्या मागणीमुळे कुटुंबखर्चाच्या मोजमापास व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले. नागपूरच्या कामगारांचा निर्वाहव्यय निर्देशांक प्रथम जानेवारी १९२७ हा पाया धरून काढीत. पुढे १९५८–५९ च्या पाहणीतील ५० केंद्रांत नागपूरचा समावेश झाला व तीवरून १९६० या पायाभूत वर्षाची मालिका सिद्ध झाली. तीत अखिल भारतीय स्तरावर अन्नाचा भार ६०·९२ टक्के होता. २०१६ च्या मालिकेत अन्न व पेये यांचा भार ३९·१७ टक्के आहे. ही घट एंगेलच्या निष्कर्षाशी सुसंगत आहे.

तथापि निर्देशांकात वस्तूंचे भार स्थिर धरलेले असतात. वाईट वर्षी कुटुंब गव्हाऐवजी ज्वारी घेते, लुगड्याची खरेदी टाळते किंवा दागिने गहाण ठेवते, हे त्यात उमटत नाही. निर्देशांक किंमतींची वाढ दाखवितो, बुडालेली मजुरी दाखवीत नाही. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली, तेव्हा भत्त्याचा आधारच नाहीसा झालेल्या कुटुंबांच्या बाबतीत ही मर्यादा विशेष जाणवते.