काहिलीतली वाफ

शाहू महाराज २ एप्रिल १८९४ रोजी गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली. त्याच १८९४ साली फ्रान्समध्ये नॉर्बर्ट रिल्यू नावाचा एक म्हातारा इंजिनिअर वारला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण पंचगंगेच्या खोऱ्यात पुढच्या शतकात उसाचं काय झालं, हे समजून घेताना मला ही दोन नावं शेजारी ठेवावीशी वाटतात. गुऱ्हाळं मागे का पडली, याचं राजकीय उत्तर आपल्याकडे तयार असतं: सहकार आला, साखरसम्राट आले, ऊस तिकडे गेला. ते खोटं नाही. पण त्याच्याखाली वाफेचं एक उत्तर आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

आधी काहिलीचा हिशेब मांडू. उसाच्या रसात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी असतं. हजार किलो रसाचा गूळ होतो पावणेदोनशे-दोनशे किलो. बाकीचं आठशे किलो पाणी उडवून लावावं लागतं. रस उकळीला आणायला फार काही लागत नाही. खरा खर्च उकळी फुटल्यानंतरचा. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे आठशे किलोला अठरा लाख किलोज्यूल. विजेच्या भाषेत पाचशे युनिट. रस तापवायला लागते त्याच्या हे सहा-सात पट आहे.

उकळत्या पाण्यात उष्णता ओतत राहिलं तरी तापमान वाढत नाही, ती उष्णता पाण्याचं रूप बदलण्यात खर्च होते, हे जोसेफ ब्लॅकने ग्लासगोत १७६०च्या दशकात मोजून दाखवलं. आपण तिला अप्रकट उष्णता म्हणतो. चुलवाणात चिपाड सारणाऱ्या जळव्याला मात्र ती चांगलीच प्रकट असते. तासन् तास जाळ घालायचा आणि काहिलीत वरवर पाहता फारसं काही घडत नाही.

पण पूर्ण खरं तेही नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून साधं पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. रसाचं तसं नाही. पाणी उडून साखर दाट होत जाते तसा उत्कलनबिंदू वर सरकतो: शंभर, एकशे पाच, एकशे दहा. आधण उतरवायची वेळ येते ती एकशे अठराच्या जवळपास. दोन-तीन अंश अलीकडे थांबलात तर गूळ नरम, पलीकडे गेलात तर करपट आणि काळसर. गुळव्या हे थर्मामीटरविना ओळखतो. बुडबुडे लहान होऊन संथ फुटायला लागले की तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळून बघतो. गोळी वळणं म्हणजे पाण्याचं प्रमाण मोजणंच आहे, फक्त आकडा न लिहिता.

आता रिल्यूकडे येऊ. तो १८०६ साली न्यू ऑर्लीन्समध्ये जन्मला, बाप गोरा इंजिनिअर, आई स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री. लुइझियानाच्या मळ्यांवर तेव्हा गुलाम माणसं उकळता रस पळ्यांनी एका उघड्या कढईतून दुसरीत ओतत. भाजणं, मरणं हे रोजचंच. दाब कमी केला की द्रव कमी तापमानाला उकळतो, हे वापरून इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉवर्डने १८१२-१३च्या सुमारास बंद, निर्वात कढई काढली होती. तीत पाक साठ-सत्तर अंशांना आटतो आणि साखर जळत नाही. रिल्यूने पुढचं पाऊल टाकलं. पहिल्या भांड्यातून निघालेली वाफ वाया का घालवायची? तिने दुसरं भांडं उकळवायचं, दुसऱ्याच्या वाफेने तिसरं. अट एकच, प्रत्येक पुढच्या भांड्यातला दाब आधीच्यापेक्षा कमी हवा. एका किलो वाफेत तिप्पट पाणी उडू लागलं. त्याचं पहिलं पेटंट १८४३चं.

हे उघड्या काहिलीला कधीच साधणार नाही. ती हवेच्याच दाबाखाली उकळते. तिची वाफ गोळा करून शेजारच्या काहिलीखाली नेली तरी ती काहीलही त्याच दाबाखाली. उष्णता वाहायला तापमानात फरक लागतो, तो मिळणार कुठून? म्हणून गुऱ्हाळाची वाफ आढ्यातून वर जाते आणि तिच्यासोबत चिपाडाची बहुतेक शक्ती.

१९३२ साली सरकारने देशी साखर उद्योगाला संरक्षण दिलं. कोल्हापुरात कसबा बावड्याला साखर कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. या प्रत्येकात रिल्यूची भांडी ओळीने उभी आहेत. रस आटवूनही त्यांच्याकडे भुसा उरतो. तो जाळून जास्त दाबाची वाफ करायची, आधी तिच्यावर टर्बाइन फिरवायचं, मग तीच रस आटवायला वापरायची. गुऱ्हाळवाल्याचं चिपाड मात्र त्याच्याच चुलवाणात संपतं. ऊसदराच्या स्पर्धेत हा फरक हंगामागून हंगाम साचत गेला.

मग गुऱ्हाळांनीही बंद भांडी घ्यावीत का? इथे मला अडचण दिसते. गुळाचा रंग, खमंगपणा, चव हे सगळं वरच्या तापमानातच तयार होतं. साठ अंशांना आटवलेल्या रसाचा कोल्हापुरी गूळ होणार नाही. कारखाना जी उष्णता टाळतो, तिच्यातूनच गूळ जन्मतो. सुरुवातीचं पाणी काटकसरीने उडवून शेवटचा पाक उघड्या काहिलीत शिजवावा, अशी सांगड घालता येईल. पण त्याला भांडवल लागतं, आणि ते छोट्या गुऱ्हाळापाशी नसतं.

२०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. दिवाळीच्या पाडव्याला आजही सौदे निघतात. मानांकनाने नाव राखलं जातं. गोळी कधी वळायची हे ज्या बोटांना कळतं, त्यांना कोणी शिकाऊ मिळतोय का, हे त्यात लिहिलेलं नसतं. रिल्यूची युक्ती पेटंटात उतरली म्हणून जगभर पोचली. गुळव्याची विद्या त्याच्या हातातच राहिली. चुलवाण विझलं की ती कुठल्या कागदावर सापडणार नाही.