मोबाइलवरील भूपृष्ठीय डिजिटल दूरचित्रवाणी : अंबाजोगाई परिसर

जमिनीवरील मनोऱ्यावरून प्रक्षेपित होणारे डिजिटल दूरचित्रवाणी संकेत छत्री, केबल किंवा इंटरनेटशिवाय हातातील उपकरणावर थेट पकडण्याची सोय. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे शहर अशा प्रक्षेपणाच्या व्याप्तीबाहेर राहिले. मात्र ही व्याप्ती नेमकी कशावर ठरते हे समजून घ्यायला ते सोयीचे उदाहरण आहे.

अंबाजोगाईत दूरदर्शनचे उच्चशक्ती प्रक्षेपण केंद्र होते. ते ॲनालॉग काळातले. तेव्हा छपरावर लोखंडी नळीला ॲल्युमिनियमचा अँटेना बांधलेला असे. एक जण वर तो फिरवत ‘आलं का?’ विचारी आणि खालून ‘अजून थोडं’ असे उत्तर येई. संकेत क्षीण असला तर पडद्यावर मुंग्या येत, पण बातम्या ऐकू येत. डिजिटल संकेताला ही मधली अवस्था जवळजवळ नसते. ठरावीक पातळीच्या वर चित्र स्वच्छ दिसते. पातळी थोडी खाली गेली की चौकोन पडून ते गोठते, मग जाते.

दूरदर्शनने २५ फेब्रुवारी २०१६ पासून देशातील १६ शहरांत डीव्हीबी-टी२ या मानकानुसार मोबाइलसाठी सेवा सुरू केली. महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही दोन शहरे त्यांत होती. फोनला लहानसा डोंगल जोडून वाहिन्या पाहता येत, डेटा खर्च होत नसे. मराठवाड्याला मिळालेली सेवा ती एवढीच. औरंगाबादजवळच्या म्हैसमाळसारख्या उंच डोंगरावरून प्रक्षेपण केले, तरी पृथ्वीच्या वक्रतेमुळे रेडिओ-क्षितिज साधारण शंभर किलोमीटरवर येते. अंबाजोगाई तेथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास. प्रक्षेपकाची शक्ती वाढवून हे अंतर भरून निघत नाही. जवळ दुसरा मनोराच लागतो.

जवळ मनोरा असला तरी नकाशावरची व्याप्ती फोनला तशीच्या तशी लागू पडत नाही, आणि सरकारी आकडे वाचताना हेच विसरले जाते. असे नकाशे परंपरेने जमिनीपासून दहा मीटर उंचीवरील, मनोऱ्याकडे तोंड केलेला अँटेना गृहीत धरतात. फोन असतो दीड मीटरवर, अनेकदा घरात, हाताच्या पंजाने झाकलेला. ५५० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे ५५ सेंटिमीटर असते; तिच्या पाव लांबीचा अँटेनाही फोनच्या कवचात नीट मावत नाही. त्यात काँक्रीटच्या भिंतींची भर. दहा डेसिबल घट म्हणजे संकेताची शक्ती एक-दशांश, आणि येथे अशा घटी एकीवर एक चढतात. अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेली आहे. मुकुंदराज समाधीकडील दरीत उतरले की मधला कडा मनोऱ्याची दृष्टिरेषा अडवू शकतो. अशा छायेत पूरक लघुप्रक्षेपक बसवावे लागतात. सर्व प्रक्षेपक एकाच कंप्रतेवर, एकाच वेळेशी बांधून चालवले, तर त्यांचे संकेत परस्परांना मारक न होता पूरक ठरतात.

प्रसार भारतीने जुने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. मार्च २०२२ पर्यंत सामरिक महत्त्वाची सुमारे ५० ठिकाणे वगळता हे काम संपवण्याचे जाहीर झाले होते. पर्याय म्हणून पुढे आलेली डीडी फ्री डिश ही मोफत सेवा घरासाठी उत्तम, पण तिला ९३.५ अंश पूर्वेकडील जीसॅट-१५ उपग्रहावर रोखलेली छत्री लागते. ती खिशात ठेवता येत नाही. त्यामुळे येथील फोनधारकाला दूरचित्रवाणी पाहायची तर मोबाइल डेटावरच विसंबावे लागते.

डेटाशिवाय फोनवर थेट प्रक्षेपण पोहोचवणाऱ्या ‘डायरेक्ट-टू-मोबाइल’ या तंत्राच्या चाचण्या आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्ज यांच्या सहभागाने बंगळूर, दिल्ली आणि नोएडा येथे झाल्या. हे तंत्र एटीएससी ३.० मानकावर आधारलेले आहे. १९ शहरांत चाचण्या घेण्याचा मनोदय जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते आणि तेव्हा हँडसेट उत्पादक तिला फारसे अनुकूल नव्हते.