हातोहात आलेली शस्त्रे

जुनी सायकल किंवा शिलाई मशीन विकत घेताना आपण आधीच्या मालकाची चौकशी करतो, ती वस्तू धड चालेल की नाही हे कळावे म्हणून. लष्करातून बाहेर पडलेल्या शस्त्राबाबत प्रश्न बदलतो. ते चालते हे तर गृहीतच असते. ते कोणावर चालले, हा खरा प्रश्न आणि तो विकणाऱ्यालाही नको असतो, घेणाऱ्यालाही. जुन्या लष्करी शस्त्रांचा इतिहास लिहिताना पुराव्याची जी पोकळी आढळते, तिचे मूळ बहुतेक वेळा या दुहेरी मौनात असते.

सोमाटण्यात राहणाऱ्याला हा विषय परका नाही. आमच्या पूर्वेला देहूरोडचे लष्करी डेपो आहेत. त्याच्या पलीकडे खडकी, जिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. पश्चिमेला तळेगाव आणि वडगाव. बोरघाट चढून पुण्याकडे येणारी ही वाट जशी व्यापाराची, तशीच शस्त्रांच्या ये-जा करण्याचीही.

जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज याच वाटेने तळेगावापर्यंत आली. मराठ्यांनी तिची रसद तोडली होती. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी माघार घ्यायचे ठरवले. निघण्यापूर्वी त्यांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि बरेचसे सामान जाळले. पुढे वडगावला त्यांची कोंडी होऊन तह करावा लागला, हे सर्वांना माहीत आहे. तोफा बुडवण्याचा तपशील मात्र आपण वाचून पुढे जातो. तोफ मागे राहिली तर तिला नवा मालक मिळतो आणि तो तिचे तोंड जुन्या मालकाकडे वळवतो. शस्त्राच्या दुसऱ्या मालकाची भीती ही लष्करी व्यवहारातली फार जुनी भीती आहे.

१८५७ नंतर इंग्रज सरकारने याच भीतीचे धोरण केले. हिंदी शिपायांना द्यायच्या बंदुकांच्या नळीतल्या पीळदार खाचा घासून काढल्या गेल्या, म्हणजे नेम लांबवर लागू नये. पुढची कित्येक वर्षे गोऱ्या पलटणींकडे नवी बंदूक आली की त्यांची जुनी जात हिंदी पलटणींकडे, असा क्रम राहिला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य रयतेचे हात बांधले. थ्री नॉट थ्री हे सैन्याचे माप खासगी मालकांसाठी बंद झाले, कारण डेपोतून चोरलेले काडतूस त्यात चालले असते. आजही आपल्याकडच्या परवानाधारकांकडे .३१५ ची रायफल दिसते, तिच्या मापामागे हे कारण आहे. ईशापूरच्या कारखान्यात जुन्या थ्री नॉट थ्री रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून .४१० च्या मस्केटी बनवल्या गेल्या आणि पोलिसांना व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिल्या गेल्या. एका लढाईतून निवृत्त झालेले शस्त्र जरा लंगडे करून दुसऱ्या नोकरीला लावायचे, असा हा प्रकार होता.

अशी एखादी रायफल हातात आली तर तिच्यावर बरेच काही वाचता येते. दस्त्याच्या गळ्याशी असलेल्या पट्टीवर मुकुट, राजाच्या नावाची अक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि प्रकार कोरलेला असतो. नळीवर, बोल्टवर, पुढच्या टोपीवर क्रमांक असतात. ते जुळत नसतील तर भाग कधीतरी बदलले गेले आहेत. 'एफ. आर.' अशी अक्षरे असतील तर कारखान्यात दुरुस्ती झाली आहे. ब्रिटिश सरकारी मालाची खूण म्हणजे बाण. एकमेकांकडे टोक केलेले दोन बाण दिसले, तर ते शस्त्र सैन्याने अधिकृतपणे विकून टाकलेले आहे. जन्म, दुरुस्ती, निवृत्ती या सगळ्यांचे शिक्के मिळतात. मधल्या आयुष्याचा शिक्का कुठेच नसतो.

१३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत पन्नास रायफलधारी शिपायांनी १६५० गोळ्या झाडल्या. गोळ्यांचा हा आकडा आपल्याला कळला, कारण काडतुसांचा हिशेब द्यावा लागतो. बंदुका मात्र शिपायांबरोबर बराकीत गेल्या. त्या पन्नासांपैकी एखादी पुढे कुणाच्या खांद्यावर, कुठल्या पहाऱ्यावर गेली असेल तर तिला तिच्या हजारो बहिणींतून ओळखायला धातूवर काहीही नाही. आमच्या घाटाखाली कर्जतच्या बाजूला सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्या दोघांची स्मारके झाली. ज्या बंदुकांनी त्यांना मारले त्या स्वातंत्र्यानंतर त्याच खात्यात, नव्या राजमुद्रेखाली, चालू राहिल्या असणे स्वाभाविक आहे. थ्री नॉट थ्रीचे आयुष्य मोठे असते. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात.

इथपर्यंतची शस्त्रे निदान सरकारी वहीत राहिली. वहीबाहेर गेलेल्या शस्त्राची, मराठी माणसाने टाळू नये अशी एक गोष्ट आहे आणि तिचा एक धागा मावळातून जातो. कामशेतजवळचे उकसाण हे गोडसे कुटुंबाचे मूळ गाव. धाकटे गोपाळ गोडसे दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या ऑर्डनन्स खात्याबरोबर इराक-इराणकडे जाऊन आले होते आणि नंतर खडकीच्या मोटार ट्रान्स्पोर्ट स्पेअर्स सब-डेपोत सहायक भांडारपाल होते. जानेवारी १९४८ मध्ये त्यांनी शेतीच्या तातडीच्या कामाचे कारण देऊन सात दिवसांची रजा घेतली आणि ते दिल्लीला गेले. जवळ सैन्याच्या मापाचे .३८ चे रिव्हॉल्वर होते. दुसरे रिव्हॉल्वर पुण्यात 'शस्त्रभांडार' चालवणाऱ्या दिगंबर बडगे यांचे. २० जानेवारीला दिल्लीत हिंदुमहासभा भवनामागच्या झाडीत दोन्हींची परीक्षा झाली. एकाचे चक्र फिरेना, दुसऱ्याची गोळी समोरच्या झाडापर्यंत पोचेना. त्या दिवशी बिर्ला भवनात मदनलाल पाहवाने गन-कॉटनचा स्फोट केला, पण पुढचा बेत फसला. गोपाळ गोडसे यांना फेब्रुवारीच्या सुरुवातीला अटक झाली ती उकसाण परिसरातच.

अशी हत्यारे त्या वेळी मिळत कशी होती, याचे उत्तर युद्धात आहे. महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेले. देशभर डेपो उभे राहिले आणि शांतता होताच माणसे आणि माल दोन्ही मोकळे झाले. त्यातच फाळणीचे दंगे आणि हैदराबादचा प्रश्न. निजामाच्या हद्दीलगतच्या जिल्ह्यांतून रझाकारांशी लढणाऱ्यांना शस्त्रे हवी होती. निजामाच्या बाजूनेही सिडने कॉटन हा वैमानिक १९४८ मध्ये कराचीहून विमानाने शस्त्रे आणत होता. पुण्यातल्या शस्त्रव्यवहाराचा एक ओघ याच सीमेकडे जात होता. एकाच बाजारातून कोणी स्वसंरक्षणाला, कोणी मुक्तीच्या लढ्याला, तर कोणी खुनाला हत्यार नेत होते. विकणाऱ्याने कारण विचारले असते तर प्रत्येकाने चांगलेच सांगितले असते.

पहिला बेत फसल्यावर नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांनी नव्या हत्याराचा शोध सुरू केला. मुंबईत दीक्षित महाराजांकडे केलेली मागणी फळाला आली नाही. मग दोघे दिल्लीमार्गे ग्वाल्हेरला गेले आणि २८ जानेवारीला त्यांना तिथे पिस्तूल मिळाले. ते इटलीच्या बेरेटा कारखान्याचे, १९३४ च्या नमुन्याचे होते. क्रमांक ६०६८२४. इटालियन सैन्याने वापरलेला हा नमुना. या जातीच्या पिस्तुलांवर इसवी सनाबरोबर मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीचे वर्षही रोमन आकड्यांत कोरलेले असे. ३० जानेवारीला त्यातून तीन गोळ्या सुटल्या.

हे पिस्तूल ग्वाल्हेरला कसे आले? अनेक पुस्तकांत येणारी हकिगत अशी की, ते ॲबिसिनियात एका इटालियन अधिकाऱ्याकडे होते, तिथून ग्वाल्हेर संस्थानच्या एका लष्करी अधिकाऱ्याकडे आले आणि पुढे हात बदलत गेले. हे अशक्य मुळीच नाही. १९३५-३६ मध्ये ॲबिसिनिया जिंकताना इटलीने विषारी वायूही वापरला. १९४१ मध्ये इटलीकडून तो मुलूख सोडवणाऱ्या सैन्यात हिंदी डिव्हिजन होत्या, केरेनच्या लढाईत मराठा पलटणही होती. लढाईनंतर शत्रूचे पिस्तूल आठवण म्हणून घरी आणणे ही जगभरच्या सैनिकांची सवय. मात्र लाल किल्ल्यातल्या खटल्यात चर्चा झाली ती शेवटच्या टप्प्याची. तोही पुरता टिकला नाही. ग्वाल्हेरच्या डॉ. दत्तात्रय परचुरे यांना विशेष न्यायालयाने फेब्रुवारी १९४९ मध्ये दोषी ठरवले, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. या व्यवहारात ज्यांचे नाव आले ते गंगाधर दंडवते फरारी म्हणून नोंदले गेले. म्हणजे भारतातल्या सर्वात जास्त तपासल्या गेलेल्या पिस्तुलाचा क्रमांक आपल्याला सहा आकड्यांनिशी पाठ आहे आणि त्याचे आधीचे हात मात्र धुक्यात आहेत.

म्हणून मला 'शापित शस्त्र' ही कल्पना पटत नाही. ती सोयीची आहे, कारण ती दोष लोखंडावर टाकते. ॲबिसिनियातल्या कुठल्या पापामुळे ते पिस्तूल दिल्लीत चालले नाही. मधल्या प्रत्येक माणसाने ते पुढे दिले, म्हणून ते दिल्लीपर्यंत पोचले. कुणी मैत्रीखातर, कुणी पैशासाठी, कुणी विचाराच्या जवळिकीने. त्याच वेळी 'वस्तू ती वस्तू, तिला कसला इतिहास' असे म्हणणाराही तेवढीच सोय पाहतो. शस्त्र निर्दोष असते हे मान्य केले, तरी ते देणारा आणि घेणारा माणूस आपोआप निर्दोष ठरत नाही.

आजचा प्रश्न इतका नाट्यमय नाही, पण तो आहे. गावोगावी परवान्याच्या बंदुका आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत येतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि वारसाने आलेले शस्त्रही या मर्यादेतच मोजले जाते. ज्यांच्याकडे तिसरे होते, त्यांना ते १३ डिसेंबर २०२० पर्यंत जमा करायचे होते. दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा कालबाह्य किंवा पुराणवस्तूच्या मोलाच्या शस्त्राला कायद्याच्या कलम ४५ ने सूट दिली आहे. राष्ट्रीय नोंदीत प्रत्येक परवानाधारकाला आता स्वतंत्र क्रमांकही असतो. हे सगळे योग्यच आहे. पण कायदा विचारतो तो आजचा मालक. आजोबांकडे ती बंदूक कुठून आली, हे विचारणारा रकाना माझ्या पाहण्यात नाही, आणि कायद्याकडून ती अपेक्षाही नाही.

ती अपेक्षा घरच्यांकडून आहे. जुने शस्त्र जमा करण्याआधी किंवा वारसाने स्वीकारताना एक कागद लिहून ठेवावा. शस्त्रावरचे सगळे शिक्के आणि क्रमांक जसेच्या तसे उतरवावेत, परवान्याच्या प्रती जपाव्यात, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि त्यांनी सांगितलेले 'ऐकीव' असा शेरा मारून वेगळे लिहावे. पणजोबांनी इतक्या लढाया मारल्या असे सांगताना ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात दंग्यातले, लुटीतले, बिगारीच्या वसुलीतलेही सांगावे. चांगल्या कथा आपोआप टिकतात. वाईट कथांना कागद लागतो.

तळेगावच्या तळ्यात तोफा ढकलणाऱ्यांना वाटले असेल की शस्त्र बुडवले म्हणजे प्रश्न मिटला. आपण शस्त्र बुडवत नाही, त्याची हकिगत बुडवतो आणि शस्त्र ठेवून घेतो. निदान एवढा क्रम उलटा करायला कुठलाही परवाना लागत नाही.