विषाणूची नांवनिशी

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतींत थायरोकेअरसारखी मोठी प्रयोगशाळा आहे. दूरदूरच्या गांवांहून नमुने तेथें येतात. अशा प्रयोगशाळेकडे गर्भाशयमुखावरून ब्रशनें टिपलेल्या पेशींची कुपी आली, म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. तींत पॅपिलोमा विषाणु आहे काय? आणि असल्यास कोणत्या क्रमांकाचा?

हा दुसरा प्रश्न विचारण्याइतकें ज्ञान येण्यास सुमारें दीडशें वर्षें लागलीं. १८४२ सालीं इटलींतील व्हेरोना येथील मृत्युनोंदी चाळतांना रिगोनी-स्टर्न यांना असें आढळलें कीं, ख्रिस्ती जोगिणींत हा कर्करोग फार विरळा, विवाहितांत अधिक. कारण मात्र अज्ञातच राहिलें. पुढें पापानिकोलाऊ यांनीं पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची रीत रूढ केली. तिनें विकार दिसे, विकाराचा कर्ता दिसत नसे. तो हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेंत सांपडला : १९८३ मध्यें १६ क्रमांकाचा विषाणु, आणि दुसऱ्याच वर्षीं १८ क्रमांकाचा. ह्या कर्करोगाचे शेंकडा सुमारें ७० रोगी ह्या दोघांच्याच माथीं जातात. वस्तुतः ह्या विषाणूचे प्रकार २०० हून अधिक. पैकीं बहुतेक निरुपद्रवी, आणि घातक प्रकारही शरीर बहुधा एक-दोन वर्षांत आपण होऊन हांकलून देतें. म्हणून नुसतें 'विषाणु आहे' म्हणून भागत नाहीं. विषाणूच्या डीएनएचा अल्पसा अंश कृत्रिम रीतीनें कोट्यवधि पटींनीं वाढवून तो कोणत्या प्रकाराशीं जुळतो, हें पहावें लागतें.

परंतु अशा चांचणीनें प्राण वांचतात काय, ह्याचा मोठा पुरावा मिळाला तो उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतील खेड्यांत. १९९९ पासून टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचें नर्गिस दत्त रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या. एका गटाची विषाणु-चांचणी, दुसऱ्याची पेशी-तपासणी, तिसऱ्याची शिरकाम्ल लावून डोळ्यांनीं पाहणी. चवथ्या गटाची तपासणीच नाहीं. आठ वर्षांचा हिशेब २००९ मध्यें प्रसिद्ध झाला. विषाणु-चांचणीच्या ३४,१२६ स्त्रियांत ह्या रोगानें ३४ दगावल्या; चवथ्या गटांतील ३१,४८८ पैकीं ६४.

त्या चवथ्या गटाविषयीं पुढें कडक टीका झाली. त्या भागांत तेव्हां कोणासच नियमित तपासणी मिळत नव्हती, असें समर्थन करण्यांत आलें. तें खोटें नव्हे. पण ज्या घरचें माणूस गेलें, त्या घराला तें पुरेसें वाटावें, अशी अपेक्षा कोणी धरूं नये.

उस्मानाबादची ती चांचणी १३ घातक प्रकारांपैकीं कोणता तरी आहे, एवढेंच सांगे; नांव सांगत नसे. आतां १६ वा १८ निघाला तर स्त्रीला सरळ भिंगाच्या तपासणीस पाठवितात. इतर घातक प्रकार निघाल्यास आधीं दुसरी चांचणी करतां येते. पुण्याच्या सीरम संस्थेच्या लशीस २०२२ मध्यें परवानगी मिळाली. ती ६, ११, १६ व १८ ह्या प्रकारांविरुद्ध आहे. एकदां जडलेला विषाणु मात्र तिनें जात नाहीं, त्यामुळें तिशी उलटलेल्या स्त्रीला अजून कुपीचाच आधार आहे.